मुंबईच्या रस्त्यांची नियमित रेषा
(इ. स. १८४५ ते १९०१)

मुंबई शहराच्या वाढीसंबंधानें जें लिहिलें गेलें आहे, त्यांत तेथील रस्त्यांचें श्रेय बहुधा दोन पुरुषांस व एका रोगास देण्यांत येतें. पुरुष म्हणजे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर आणि म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. रोग म्हणजे १८९६ सालचा प्लेग. पहिल्या दोघांनीं किल्ल्याचा कोट पाडून शहर मोकळें केलें, आणि तिसऱ्यानें इंप्रूव्हमेंट ट्रस्टास जन्म देऊन दाट वस्ती फोडली, असें सामान्यतः मानतात. हें मत खोटें नाहीं, परंतु अपुरें आहे. कोट पडल्यापासून प्लेग येईपर्यंतचीं तीस वर्षें त्यांत रिकामीं राहतात. त्या तीस वर्षांत म्युनिसिपालिटीनें एक तिसरें साधन सिद्ध केलें. त्याचा गाजावाजा झाला नाहीं, त्याची कोनशिला कोणा गव्हर्नरानें बसविली नाहीं, व त्याचें नांवही रुक्ष आहे: 'रस्त्याची नियमित रेषा'. या तिन्ही उपायांची तुलना करून प्रत्येकाचें मोल कोणीं दिलें तें पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

(१)

व्हिक्टोरिया राणी १८३७ सालीं गादीवर आली तेव्हां मुंबई हें वस्तुतः दोन शहरांचें नांव होतें. एक कोटाच्या आंत, दुसरें मैदानापलीकडे. १८०३ च्या फेब्रुवारी महिन्यांत कोटांत मोठी आग लागून उत्तरेकडील वस्तीचा बराच भाग जळाला, आणि त्यानंतर पुष्कळ कुटुंबांनीं व व्यापाऱ्यांनीं कोटाबाहेर बस्तान हलविलें. मांडवी, चकला, भुलेश्वर, पायधुणी या बाजूची दाटी तेव्हांपासून झपाट्यानें वाढली.

हें बाहेरचें शहर कोणीं आखलें नव्हतें. तें नारळीच्या वाड्यांवर उगवलें. पोर्तुगीजांच्या अमदानींतला 'ओर्ता' हा शब्द इंग्रजांनीं 'ओअर्ट' असा करून घेतला व आपल्या दफ्तरांत तो दीर्घकाळ चालविला. आपल्या लोकांनीं 'वाडी' हाच शब्द ठेवला. फणसवाडी, केळेवाडी, खेतवाडी, मुगभाट हीं नांवें आजही त्या झाडांची व शेतांची साक्ष देतात. एका वाडीचें कुंपण व दुसऱ्या वाडीचें कुंपण यांमधून जी पाऊलवाट जाई, तीच पुढें गल्ली झाली. म्हणून गिरगांवांतील एखादी गल्ली मध्येंच काटकोनांत कां वळते, याचें उत्तर बांधणाऱ्याच्या अज्ञानांत शोधूं नये. तें जुन्या धारणेच्या हद्दींत सांपडतें. इंग्रज अधिकाऱ्यांनीं या वळणांस 'अव्यवस्था' म्हटलें. ज्यास जुनीं खतपत्रें वाचतां येतात त्यास तेथें एक व्यवस्था दिसते. ती गाडीसाठीं केलेली नव्हती, इतकेंच.

या वाटांवर दुसरें आक्रमण ओट्यांचें. घरापुढें ओटा, ओट्यास पायऱ्या, ओट्यावर पडवी, पडवीवर छज्जा, आणि दुकान असल्यास पायऱ्यांपुढें फळ्या, असा प्रत्येक पिढीचा एकेक हात रस्त्यांत पुढें सरके. खालून गटार वाही, तें ओट्यानें झांकलें म्हणजे साफ करण्यास जागा उरत नसे. समोरासमोरचे दोन छज्जे एकमेकांस भिडूं लागले कीं गल्लींत सूर्य फक्त माध्यान्हीं उतरे.

हें आवरण्याचा अधिकार कोणाचा? १८४५ पर्यंत जस्टिस ऑफ दि पीस या मंडळींकडे तो सैलपणें होता. त्या वर्षीं ११ व्या आक्टानें कॉन्झर्व्हन्सी बोर्ड स्थापन झालें. १८५८ च्या २५ व्या आक्टानें बोर्ड जाऊन तीन कमिशनर आले. तिघांच्या हातीं दिलेला कारभार पुरता कोणाच्याच हातीं राहिला नाहीं. या काळांत मोठे रस्ते झालेच नाहींत असें नाहीं. ग्रांट रोड १८४० च्या सुमारास निघाला. माहीमचा बांध लेडी जमशेटजी जिजीभाई यांच्या दीड लाखाहून अधिक रुपयांच्या देणगीनें १८४५ सालीं खुला झाला. परंतु हे रस्ते उघड्या जमिनीवरून, खाडीवरून, भातखाचरांतून गेले. मोकळ्या जमिनीवर रस्ता काढणें व नांदत्या वस्तींतून रस्ता काढणें हीं अगदीं भिन्न कर्में आहेत. पहिल्यास पैसा पुरतो.

(२)

कोट पाडण्याचें काम याच पहिल्या जातीचें होतें, आणि हें लक्षांत न घेतल्यामुळें फ्रिअरसाहेबांच्या कर्तृत्वाचें माप थोडें चुकतें. १८६२ सालीं त्यांनीं गव्हर्नरीचीं सूत्रें घेतलीं. अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ ते १८६५ या वर्षांत मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला होता व शहरांत पैसा ओसंडत होता. कोटाचा लष्करी उपयोग केव्हांच संपला होता. त्याच वर्षीं कोट काढून टाकण्याचा निर्णय झाला, त्यासाठीं एक कमिटी नेमली गेली, आणि दोन-तीन वर्षांत अपोलो, चर्च व बाजार हे तिन्ही दरवाजे भिंतींसह नाहींसे झाले. खंदक बुजले. मोकळ्या झालेल्या पट्ट्यांत रस्ते व भव्य सरकारी इमारती आल्या. हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, त्यांत मुख्य. चर्चगेट स्ट्रीट म्हणजे आजचा वीर नरिमन मार्ग. एस्प्लनेड रोड म्हणजे आजचा महात्मा गांधी मार्ग.

हें सर्व मोठें झालें, सुंदर झालें. पण जमीन सरकारची होती, भिंत सरकारची होती, खंदक सरकारचा होता. नुकसानभरपाईचा दावा सांगण्यास कोणी उभा नव्हता. उलट मोकळ्या झालेल्या जमिनीचे तुकडे विकून खर्चाचा भाग निघूं शकला. भुलेश्वरच्या एका बोळांत चार हात रुंदी वाढविण्यास याहून कितीतरी अधिक धैर्य लागतें.

तें धैर्य दाखविण्याची संधि क्रॉफर्ड यांस मिळाली. १८६५ च्या दुसऱ्या आक्टानें जस्टिसांच्या समुदायास कायदेशीर एकत्व दिलें आणि सर्व अंमलबजावणी एकाच पगारी कमिशनराकडे सोंपविली. क्रॉफर्ड हे त्या जागेवरील पहिले गृहस्थ. दैवाचा खेळ असा कीं त्याच वर्षाच्या मध्यांत शेअरांचा फुगा फुटला, व ज्या श्रीमंतीच्या भरंवशावर नवी व्यवस्था उभी राहिली ती श्रीमंतीच गेली. १८६४ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती ८,१६,५६२ भरली होती. १८७२ सालीं ती ६,४४,४०५ वर आली. क्रॉफर्ड यांनीं खर्च मात्र पूर्वीच्याच हातानें चालविला. हेल्थ ऑफिसर डॉ. ह्यूलेट यांच्या साहाय्यानें त्यांनीं सफाईची शिस्त लावली, गटारें व रस्ते हातीं घेतले, आणि हॉर्नबी रोड व कर्नाक रोड यांच्या संगमावर मोठी मंडई बांधविली. ती १८६९ सालीं उघडली. पुढें तिला त्यांचेंच नांव मिळालें; हल्लीं ती महात्मा ज्योतिबा फुले मंडई म्हणून ओळखली जाते.

कर वाढले, कर्ज वाढलें, घरवाल्यांत ओरड झाली. १८७१ सालीं जस्टिसांच्या सभेंत जे. ए. फोर्ब्स यांनीं कारभारावर टीकेचा ठराव आणला आणि अखेरीस क्रॉफर्ड यांस जागा सोडावी लागली. त्या गदारोळांत तरुण फिरोजशहा मेथा यांनीं एक विवेक केला, तो स्मरणीय आहे. खर्चावर देखरेख करदात्यांच्या प्रतिनिधींची असावी, परंतु अंमल एका हातींच असावा, असें त्यांचें म्हणणें होतें. १८७२ च्या तिसऱ्या आक्टानें ६४ सभासदांची कार्पोरेशन निर्माण झाली, त्यांतले निम्मे करदात्यांनीं निवडावयाचे ठरले, आणि कमिशनर हा कार्यकारी अधिकारी कायम राहिला. क्रॉफर्ड यांचें नांव महाराष्ट्रांत पुढें १८८८ च्या चौकशीमुळें व मामलेदारांच्या प्रकरणामुळें जें गाजलें, त्याचा प्रस्तुत विषयाशीं संबंध नाहीं. त्यावरून त्यांच्या मुंबईंतील कामाची किंमत ठरविण्याची चाल मला न्याय्य वाटत नाहीं.

येथें एका गोष्टीचा उल्लेख करावयास हवा. १८७४ च्या मे महिन्यांत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक फांटा कुलाब्याहून व दुसरा बोरीबंदराहून पायधुणीस येई. तोंवर रस्त्याची रुंदी ही आरोग्याची व थोडीशी शोभेची बाब होती. लोखंडी रूळ आल्यावर ती मोजून देण्याची बाब झाली. बैलगाडी ओट्यास वळसा घालून जाऊं शकते. ट्राम घालीत नाहीं.

(३)

आतां मुख्य विषय. १८८८ सालीं मुंबईच्या म्युनिसिपालिटीचा तिसरा आक्ट पास झाला. तो आजही, अनेक दुरुस्त्यांसह व नांवांत फेरफार होऊन, मुंबईंत चालू आहे. रस्त्यांविषयींच्या प्रकरणांत २९६ पासून ३०१ पर्यंतचीं जीं कलमें आहेत, त्यांत आपल्या शहराच्या रूपांतराची किल्ली आहे. कायद्याचे ग्रंथ इतिहासाचे अभ्यासक सहसा उघडीत नाहींत, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों.

२९६ वें कलम सरळ आहे. रस्ता रुंद करण्यासाठीं लागणारी जमीन व घर कमिशनरानें घ्यावें, दाम द्यावा. हा राजमार्ग, पण त्यास रोकड लागते. २९७ वें कलम वेगळें. त्याप्रमाणें कमिशनरास कोणत्याही सार्वजनिक रस्त्याच्या दोन्ही बाजूंस एकेक रेषा ठरवितां येते, हीच नियमित रेषा. ती आंखली म्हणून लगेच कांहीं पडत नाहीं. ती नकाशावर असते. रस्त्यावर घरें पूर्ववत् उभीं असतात. मात्र २९८ व्या कलमान्वयें, रेषेपुढें आलेलें घर मालकानें नव्यानें बांधावयास काढलें, किंवा जमिनीवरील त्याचा निम्म्याहून अधिक भाग उतरविला, म्हणजे कमिशनर त्यास सांगूं शकतो कीं नवी भिंत रेषेच्या आंत घे. सोडलेली पट्टी रस्त्यांत जाते, व ३०१ व्या कलमाप्रमाणें तिची भरपाई मिळते. निम्मा भाग कसा मोजावयाचा? कायदा म्हणतो, घनफुटांनीं.

या युक्तीचें चातुर्य असें कीं कामाचा दिवस म्युनिसिपालिटी ठरवीत नाहीं, काळ ठरवितो. घर जुनें होतें, मोडकळीस येतें, आग लागते, भाऊ वेगळे होतात, मालक बदलतो; आणि प्रत्येक वेळीं रस्ता एकेक पट्टी गिळतो. कोणास एकाएकीं बेघर व्हावें लागत नाहीं. खर्च वर्षांनुवर्षें विभागला जातो. जबरदस्ती आहे, पण ती मालकाच्या स्वतःच्या इच्छेच्या पाठीमागून येते.

दोषही तितकेच स्पष्ट आहेत. समजा, एका बोळांत एका बाजूस वीस घरें आहेत. त्यांतलीं तीन या दशकांत नवीं झालीं, दोन पुढच्या, आणि पंधरा उभींच आहेत. तर रस्ता रुंद झाला कीं अरुंद राहिला? वाहतुकीच्या दृष्टीनें मुळींच रुंद झाला नाहीं, कारण गाडी सर्वांत अरुंद जागेनेंच अडते. मागें सरलेल्या तीन घरांपुढें जे कोनाडे पडतात, त्यांत फेरीवाला बसतो, हातगाडी उभी राहते, कचरा सांचतो. काळबादेवी, भुलेश्वर, मांडवी या बाजूस हिंडतांना घरांच्या दर्शनी भिंतींची जी करवतीसारखी दांतेरी ओळ दिसते, ती कोणा कारागिराची लहर नव्हे. ती या कलमाची सही आहे. ज्यास ती वाचतां येते त्यास कोणतें घर कायद्यापूर्वीचें व कोणतें नंतरचें हें रस्त्यांत उभ्यानेंच सांगतां येईल, अर्थात् पुढें खतपत्रानें पडताळून.

दुसरा परिणाम माझ्या मतें अधिक विचारणीय आहे. रेषेपुढें घर असलेला मालक नवें बांधण्यास कचरतो, कारण बांधतांच जागा जाते. म्हणून तो एका वर्षीं छपराचे वांसे बदलतो, दुसऱ्या वर्षीं मागची भिंत, तिसऱ्या वर्षीं जिना. निम्म्याची मर्यादा ओलांडावयाची नाहीं, इतकें पथ्य सांभाळतो. याचें फळ असें, कीं ज्या गल्ल्या रुंद व्हाव्या म्हणून रेषा आंखली, त्याच गल्ल्यांत जुनीं लांकडी घरें, नक्षीचे खांब व कोरीव छज्जे अधिक टिकले असावेत. हें माझें अनुमान आहे. परंतु कायद्याच्या रचनेंतून तें सरळ निघतें. जुन्या वस्तूंच्या चाहत्यांनीं घनफुटांच्या त्या नियमाचे आभारच मानावयास हवेत, कितीही विचित्र वाटलें तरी.

संस्कृत ग्रंथांशीं परिचय असणारास येथें कौटिल्याचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत दुर्गनिवेशाच्या प्रसंगीं रथ्या चार दंड व राजमार्ग आठ दंड रुंद असावा असें सांगितलें आहे. दंड सुमारें सहा फुटांचा धरल्यास हीं मापें चोवीस व अठ्ठेचाळीस फूट येतात. रथ्येंत माती टाकणारास दंडही सांगितला आहे. परंतु तेथें नगर नव्यानें वसवावयाचें आहे; प्रथम मार्ग, मग गृहें. नांदत्या नगरांत गृहें अगोदर व मार्ग मागाहून, हा प्रश्न आचार्यांनीं त्या अध्यायांत घेतलेला नाहीं. १८८८ च्या कायदेकारांस अर्थशास्त्र पाहतां येणें शक्यच नव्हतें, कारण शामशास्त्री यांनीं तो ग्रंथ १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला. आपले विद्वान् लोक अमुक गोष्ट कौटिल्यानें पूर्वींच सांगून ठेविली आहे असें म्हणण्यास फार उत्सुक असतात, म्हणून हा भेद नोंदवून ठेवितों.

याच ठिकाणीं संग्राहकांस एक विनंती. दफ्तरें धुंडाळतांना पेशवाईंतील मोडी कागद निघाला कीं आपण तो जपून बाजूस ठेवितों, आणि त्याच रुमालांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतलें एखादें खरेदीखत, गहाणखत, वांटणीपत्र, किंवा म्युनिसिपालिटीची छापील नोटीस निघाली तर ती रद्दींत जाते. असें होऊं नये. खतांत चतुःसीमा लिहिण्याची रीत आहे: पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस तमक्याची वाडी, दक्षिणेस सरकारी रस्ता. एकाच घराचीं १८५०, १८८० व १९१० च्या सुमाराचीं तीन खतें हातीं आलीं, तर पहिल्यांत 'गल्ली' म्हटलेलें दुसऱ्यांत 'रस्ता' होतें, तिसऱ्यांत घराची खोली दोन-तीन हात कमी भरते, आणि शेजाऱ्याचें नांव बदललेलें असतें, असें आढळूं शकतें. लाफ्टन यांनीं १८६५ ते १८७२ च्या दरम्यान केलेली शहराची मोजणी हाताशीं घेऊन अशीं खतें लावलीं, तर नाहींशा झालेल्या गल्लीचा नकाशा पुन्हां मांडतां येतो. गोविंद नारायण माडगांवकर यांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालचें, म्हणजे कोट पडण्याच्या ऐन तोंडावरचें. आचार्य व शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' १८८९ सालचा, म्हणजे नव्या आक्टाच्या लगोलग नंतरचा. हे दोन ग्रंथ दोन टोंकांस आहेत. मधली पोकळी खतांनींच भरावयाची आहे.

हॉर्नबी रोडविषयीं एक गोष्ट सांगून हें प्रकरण पुरें करितों. रुंद झालेल्या त्या रस्त्याच्या कडेस नव्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हां, १८९६ च्या सुमारास, तळमजल्यापुढें पादचाऱ्यांसाठीं कमानींची सलग ओसरी ठेवावी असा निर्बंध घालण्यांत आला. इमारती निरनिराळ्या मालकांच्या, निरनिराळ्या शैलींच्या. पण कमानींची ओळ एक. पावसाळ्यांत तिचा उपयोग ज्यानें घेतला असेल त्यास अधिक सांगणें नलगे. जो ओटा पूर्वीं रस्ता खाई, तोच येथें कायद्यानें रस्त्यास परत दिला, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

(४)

नियमित रेषेची गति मंद, हें म्युनिसिपालिटीस ठाऊक होतें. विलायतेंत याच काळांत दुसरा मार्ग चालला होता. लंडनमध्यें १८५५ च्या कायद्यानें मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स स्थापन झालें व त्यानें थेम्सच्या कांठचा बांध, क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीट, शाफ्ट्सबरी अव्हेन्यू असे रस्ते दाट वस्ती कापून काढले. बर्मिंगहॅममध्यें जोसेफ चेंबरलेन यांनीं महापौर असतांना शहराच्या मध्यावरील नव्वदांहून अधिक एकर जागेची योजना मांडली, आणि तींतून कॉर्पोरेशन स्ट्रीट निघाली. तिच्या दोन्ही बाजूंची जमीन शहरानें विकली नाहीं. पंचाहत्तर वर्षांच्या पट्ट्यानें दिली, म्हणजे रस्त्यामुळें वाढलेली किंमत पुढें शहरासच मिळावी.

मुंबईशीं सर्वांत जवळचें नातें मात्र ग्लासगोचें. तेथें १८६६ सालीं सुधारणेचा खास कायदा करून नगरसभेस ट्रस्टी नेमलें. हाय स्ट्रीट, सॉल्टमार्केट या भागांतील सुमारें ८८ एकर जागा त्यांत आली. तींत पन्नास हजारांवर माणसें राहत होतीं. नवे रस्ते काढावयाचे, जुने रुंद करावयाचे, आणि उरलेली जमीन बांधणीस द्यावयाची. त्यासाठीं पौंडास सहा पेन्स असा कर बसला, आणि योजनेचा प्रवर्तक लॉर्ड प्रोव्होस्ट जॉन ब्लॅकी त्याच वर्षीं निवडणुकींत पडला. करदाते सर्वत्र सारखेच. पुढें १८७८ सालीं सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली व जमिनीस गिऱ्हाईक मिळेनासें झालें. पण त्या लोकांनीं एक काम असें केलें कीं त्याचा हेवा वाटावा: पाडावयाच्या गल्ल्यांचीं छायाचित्रें १८६८ पासून टॉमस ॲनन याजकडून काढवून घेतलीं. घरें गेलीं, छायाचित्रें राहिलीं.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवींत डॉ. आकासियु व्हिएगस यांनीं ग्रंथिज्वराचा पहिला रोगी ओळखला, आणि रस्त्यांचा प्रश्न रातोरात जीवनमरणाचा झाला. हवा व उजेड नसलेलीं घरें हेंच रोगाचें मूळ, अशी त्या वेळच्या वैद्यकाची समजूत होती. उंदीर व पिसू यांचा संबंध मागाहून सिद्ध झाला. म्हणजे औषध चुकीच्या निदानावर योजलें गेलें; तथापि दाटी ही स्वतंत्र व्याधि होतीच. लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारनें १८९८ च्या चौथ्या आक्टानें मुंबई इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापिला. त्याची कल्पना ग्लासगोच्या उदाहरणावरून व विलायतेंतील १८९० च्या मजूरवर्गाच्या घरांविषयींच्या कायद्यावरून घेतली होती. मात्र ग्लासगोमध्यें ट्रस्टी म्हणजे निवडलेली नगरसभाच. मुंबईंत तसें झालें नाहीं. ट्रस्ट ही कार्पोरेशनहून निराळी संस्था, तिचा अध्यक्ष सरकारनें नेमलेला, आणि कार्पोरेशनच्या प्रतिनिधींची संख्या अल्प. पैशाचा वांटा द्यावयाचा म्युनिसिपालिटीनें, आणि रेषा आंखावयाची दुसऱ्यांनीं! कार्पोरेशनच्या सभासदांस हें खुपलें यांत नवल नाहीं, आणि तें खुपणें मला पोरकट वाटत नाहीं. दहा वर्षांपूर्वींच त्यांस १८८८ च्या आक्टानें रस्त्यांचा पूर्ण अधिकार मिळाला होता.

ट्रस्टाची पहिली योजना नागपाड्याची. नंतरच्यांत दोन प्रसिद्ध आहेत: प्रिन्सेस स्ट्रीट, आजचा शामळदास गांधी मार्ग, आणि सँडहर्स्ट रोड, आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. मुंबईचे जुने हमरस्ते बहुधा दक्षिणोत्तर जात, कारण कोटाहून भायखळ्याकडे माणसांस व मालास जावयाचें असे. हे दोन रस्ते पूर्वपश्चिम काढले. समुद्रावरील वारा दाट वस्तींत शिरावा हा त्यांचा उद्देश. माल वाहण्यासाठीं नव्हे तर वारा वाहण्यासाठीं रस्ता, ही कल्पना मला या सर्व प्रकरणांत नवीन वाटते. राणी १९०१ च्या जानेवारींत वारली. हे रस्ते तिच्या पश्चात् पुरे झाले, पण त्यांचा संकल्प तिच्या कारकीर्दींतला.

(५)

आतां मोल कोणीं दिलें तें पाहूं. कोट पाडला तेव्हां कोणीं दिलें नाहीं म्हटलें तरी चालेल. नियमित रेषेचें मोल घरमालकांनीं दिलें, तेंही भरपाई घेऊन. ट्रस्टाच्या योजनांत मालकास भूमिसंपादनाच्या रीतीनें दाम मिळे. दामाविषयीं वाद झाल्यास त्यासाठीं स्वतंत्र न्यायमंडळ होतें. पण खोलींत भाड्यानें राहणारास काय? तो घराचा मालक नव्हे, जमिनीचा नव्हे. खत त्याच्या नांवाचें नाहीं. त्यामुळें त्याचें नांव कागदांतही नाहीं. भिंत पडली कीं तो बिऱ्हाड उचलून शेजारच्या गल्लींत जाई, कारण त्याचें काम, त्याचा बाजार, त्याची जात-बिरादरी सर्व तेथेंच. म्हणजे एका गल्लींतली दाटी दुसरींत जाई. लंडनच्या १८७७ च्या रस्तेसुधारणेच्या कायद्यांत उठविलेल्या मजुरांसाठीं घरांची सोय करण्याचें बंधन होतें, व त्या बंधनामुळें तेथील रस्ते कित्येक वर्षें अडून राहिले. शाफ्ट्सबरी अव्हेन्यू १८८६ सालीं खुली झाली. मुंबईच्या ट्रस्टानें आग्रीपाडा वगैरे ठिकाणीं चाळी बांधल्या खऱ्या, परंतु आरंभींच्या वर्षांत पाडलेल्या खोल्यांच्या मानानें त्या थोड्याच होत्या. पुढें जे. पी. ऑर हे अध्यक्ष असतांना ट्रस्टाचा कल बदलला. नव्या रस्त्यांपेक्षां मागच्या बोळांतून हवा-उजेडाची मोजणी करून थोडें थोडें पाडावें असें धोरण आलें. त्याची हकीकत प्रस्तुत मर्यादेबाहेरची आहे.

'इंप्रूव्हमेंट' या शब्दाचें भाषांतर आपल्याकडे 'सुधारणा' असें झालें. गुजराती लोक तर म्युनिसिपालिटीसच 'सुधराई' म्हणत. भाडेकरूच्या तोंडीं या शब्दास कोणता अर्थ होता, हें सांगणारा कागद मिळाल्यास तो छापण्याजोगा होईल. खासगी पत्रव्यवहारांत, देवस्थानांच्या जमाखर्चांत, पतपेढ्यांच्या जुन्या चोपड्यांत तो असण्याचा संभव आहे. विशेषतः देवस्थानांच्या, कारण रेषेंत देऊळ, मशीद किंवा अग्यारी आली कीं कारभाऱ्यांशीं लिहापढी होई, आणि बहुधा रेषाच वांकवावी लागे.

ट्रस्ट १९३३ सालीं म्युनिसिपालिटींत विलीन झाला, आणि ज्या अधिकाराविषयीं कार्पोरेशनची तक्रार होती तो पस्तीस वर्षांनीं तिच्याकडे परत आला. नियमित रेषेचीं कलमें कायम आहेत. ग्रामनामें, गव्हर्नरांचीं नांवें, राजकन्यांचीं नांवें पाट्यांवरून उतरलीं. कोटाचा एक तुकडा सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारांत तेवढा शिल्लक आहे. परंतु जुन्या शहराच्या पुष्कळ गल्ल्यांत ठरविलेली रेषा अद्याप घरांच्या पोटांतून जाते, आणि घरें तिच्यापुढें उभीं आहेत.